हट्टीच्या गारगोटीतलं सोनं: भट्टीत घालायचं की तसंच ठेवायचं?

नंदगडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न दगडाचा आहे, पण त्यावरून घरात चार भावंडांत कुरबूर चालू झालीय, म्हणून इथं विचारायलोय.

आमचे आजोबा खानापूरला लाकडाच्या वखारीत मुनीम होते. खाणीत टेकू द्यायला लाकूड लागतं, त्या व्यवहारापायी त्यांचं रायचूरकडं, हट्टीच्या सोन्याच्या खाणीवर जाणं-येणं असायचं. परवा जुनं कपाट आवरताना पावत्यांच्या गठ्ठ्याखाली एक पितळी डबा निघाला आणि त्यात हा दगड. मोसंबीपेक्षा लहान, लिंबापेक्षा मोठा, हातात घेतल्यावर वाटतो त्यापेक्षा जड. दुधासारखी पांढरी गारगोटी, एका अंगाला हिरवट-काळ्या दगडाची पट्टी चिकटलेली. आणि मधून एक भेग गेलीय, तिच्यात पिवळं पान अडकल्यासारखं दिसतंय. करंगळीच्या नखाएवढं असेल. त्याच्या कडेला केसाएवढी बारीक तार वर आलीय. ती मी नुसतं बोट लावून बघितली तर वाकली. शिवाय पांढरट, चांदीसारखे चमकणारे ठिपके पण आहेत, ते कशाचे माहीत नाही.

डब्यात एक चिठ्ठी आहे. मोडी लिपीत आहे. शेजारच्या गुरुजींनी वाचून सांगितलं, ‘हट्टी. साहेबांनी दिला. सन १९५८.’ एवढंच.

मोठे काका दगड घेऊन सराफाकडं जाऊन आले. तो म्हणाला, ‘दोन-तीन तोळे निघेल, फोडून वितळवून देतो, चौघांत वाटून घ्या.’ (आत्याचाही वाटा आहे, आणि तो तिनं स्वतःच ठणकावून सांगितलाय.) धाकट्या काकांचं म्हणणं, असले दगड परदेशात लाखोंना जातात, मोबाईलवर त्यांनी बघितलंय. वडील म्हणतात बापाची आठवण आहे, देव्हाऱ्यात ठेवूया. काकू म्हणतात ठेवायचाच तर पितांबरीनं घासून तरी काढू.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, धातू वितळवणं मला नवं नाही. पण दगडातलं कळत नाही. सोनं खरंच आहे का, असलं तर किती, आणि न फोडता ते कळतं का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

गलाई_विटेकर

राम राम. मी मूळचा विट्याकडचा, हुबळीत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा आहे, वडिलांपासून.

सरळ सांगतो. दगडात अडकलेलं सोनं ही अडकलेली रक्कम आहे. दगड कुटायचा, खलायचा, पाण्यात धुऊन हलकी माती काढून टाकायची, खाली राहिलेल्या जड भागात टाकणखार आणि सोडा घालून मूस भट्टीत ठेवायची. गारगोटीचा काच होऊन वर तरंगतो, सोन्याची गुंडी खाली बसते. मग टंच, म्हणजे सोन्याचा कस काढायचा आणि मोडीच्या भावानं पैसे. खाणीतलं सोनं कधी शंभर टंच नसतं, त्यात चांदी असतेच, तेवढं धरून चला.

फोडायचा असेल तर आपल्यासमोर फोडून घ्या आणि धुतलेलं पाणी, खलातली माती, मुशीचा काच सगळं परत मागून घ्या. झारेकरी लोक सोनाराच्या दुकानातली केर-राख विकत घेतात ते उगाच नाही.

परदेशातल्या लाखोंच्या गोष्टी ऐकायला बऱ्या. इथं गिऱ्हाईक कोण ते सांगा आधी.

मार्कंडेयकाठ

पोरा, दगड घरी आलाय ना परत? मग आधी तो काकांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेव. बाकीचं नंतर.

मी बेळगावच्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. प्राध्यापक मंडळी शिकवून जायची, दगड पुसून, नंबर घालून, कपाटात लावायचं काम माझं. ‘सोनं सापडलंय’ म्हणून लोक काय काय घेऊन यायचे त्याला सुमार नाही. त्यातलं बहुतेक पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज निघायचं, काही त्याच्याच जातीतलं तांब्याचं कॅल्कोपायराइट, आणि एकदा एका गृहस्थानं रेडिओच्या आतली पितळी पट्टी सिमेंटात बसवून आणली होती. त्यामुळं ‘सोनं आहे’ या शब्दावर माझा चटकन विश्वास बसत नाही. पण तुझ्या लिहिण्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. तार वाकली म्हणालास. पायराइटची तार होत नाही आणि ते वाकत तर नाहीच, तुटतं. कॅल्कोपायराइटही ठिसूळ. अभ्रक लवचीक असतं पण त्याची तार नसते, पापुद्रे असतात. वाकून तशीच राहणारी पिवळी तार म्हटल्यावर सोन्याचीच शक्यता मोठी. आता ती सरळ करायला जाऊ नकोस. वाकली ती वाकली.

घरी करण्यासारखं सांगतो.

सोनाराकडचं दहापट भिंग आण. दगड आधी उन्हात बघ, मग स्वतःच्या सावलीत धरून बघ, फिरवून बघ. सोनं उन्हात जेवढं पिवळं तेवढंच सावलीत पिवळं दिसतं. पायराइट एका कोनात लखलखतं आणि जरा फिरवलं की काळपट पडतं. पायराइटला बऱ्याचदा चौकोनी पैलू असतात आणि त्या पैलूंवर बारीक समांतर रेघा. सोन्याचेही स्फटिक घनाकार वर्गातलेच, पण ते क्वचित. बहुतेक वेळा सोनं भेगेत शिरेल तसा आकार घेतं, पान, तार, झाडाच्या फांद्यांसारखं, नाहीतर नुसता गोळा. भिंगातून पानाच्या पृष्ठभागावर गारगोटीच्या कणांचे ठसे उमटलेले दिसले पाहिजेत. कुणी वितळवून ओतलेलं असेल तर ते गुळगुळीत, गोलसर, मधे बुडबुड्यांची भोकं असलेलं दिसतं. चिकटवलेलं असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली डिंकाची कड बऱ्याचदा निळसर चमकते. तुझ्या दगडाला सत्तर वर्षं होत आली, तसली लबाडी असायची शक्यता कमी, तरी बघून घे.

दुसरं, शिवणाची सुई. पानाच्या आतल्या, दिसणार नाही अशा कोपऱ्यात सुईचं टोक हळूच दाब. सोन्यावर खळगा पडतो. त्याची कठिणता अडीच ते तीन, म्हणजे नखापेक्षा जेमतेम जास्त. पायराइट सहा-साडेसहा, त्यावर सुई घसरते, फार तर काळा चुरा निघतो. एवढं पुरे. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नकोस, त्यात सोनं झिजतं. तेजाबाचा थेंब तर अजिबात नको. नायट्रिकनं सोन्याला काही होत नाही हे खरं, पण शेजारच्या त्या पांढरट ठिपक्यांना होतं, आणि दगड डागाळतो तो डागाळतो.

ते पांढरट ठिपके म्हणजे माझ्या अंदाजानं आर्सेनोपायराइट. लोखंड, आर्सेनिक आणि गंधक. हट्टीच्या धातुकात ते असतंच, सोन्याच्या शेजारी-पाजारी. आणि इथं विटेकरांना हात जोडून सांगतो, असला दगड कुटून भट्टीत घातला की लसणासारखा वास सुटतो, तो वास म्हणजे आर्सेनिकची वाफ. विष. दागिन्यांच्या मोडीची भट्टी वेगळी आणि खाणीचा दगड वेगळा. घरच्या अंगणात नाही, सराफाच्या मागच्या खोलीत नाही आणि तुझ्या फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेसमध्येही नाही. सोनं १०६४ अंशाला वितळतं, ते तुझ्या भट्टीला किरकोळ आहे, पण प्रश्न तापमानाचा नाही.

आता ठेवायचं का, हे. माझं मत पक्कं आहे, ठेवायचं. कारण सांगतो. बाजारात सोनं म्हटलं की ते कुठूनही आलेलं चालतं. तुझ्या अंगठीतलं सोनं आफ्रिकेतलं की कोलारचं, कुणी विचारत नाही. वितळलं की त्याचा गाव पुसला गेला. हट्टीच्या खाणीत टनभर दगडातून काही ग्रॅम सोनं निघतं, तेही बहुतेक डोळ्यांना न दिसणारं. दगड दळून, रसायनात घालून काढावं लागतं. डोळ्यांना दिसेल असं, त्याच्या गारगोटीसकट, आणि कुठून कधी आलं ते लिहिलेल्या कागदासकट, असा तुकडा किती घरांत असेल? कोलारची खाण फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाली, तिथं माणसं तीन किलोमीटरच्या खाली उतरत होती. तिथले नमुने आता ज्याच्याकडं आहेत त्याच्याकडं. हट्टी चालू आहे, पण आताच्या यंत्रांच्या कामात असला तुकडा कुणी वेगळा काढून ठेवत बसत नाही.

ऑस्ट्रेलियात १८६९ साली व्हिक्टोरिया प्रांतात मोलियागुलजवळ झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली दोन बोटांवर, सत्तर किलोच्या वरचा सोन्याचा गोळा मिळाला. ‘वेलकम स्ट्रेंजर’ म्हणतात त्याला. एवढं वजन घेणारा काटा तिथल्या बँकेत नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर घालून त्याचे तुकडे केले, आणि मग वितळवलं. आज संग्रहालयांत त्याच्या नकला मांडतात. त्याच प्रांतातला १८५३ सालचा ‘लाट्रोब’ नावाचा नमुना मात्र कुणी भट्टीत घातला नाही. वजन ७१७ ग्रॅम, म्हणजे पहिल्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. पण त्याला सोन्याचे चौकोनी स्फटिक आहेत, एकमेकांत घुसलेले, आणि तो लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात जपून ठेवलाय. आकार टिकला म्हणून नाव टिकलं.

विटेकरांचा सवाल मात्र रास्त आहे. आपल्याकडं सोन्याच्या नमुन्याला गिऱ्हाईक फारसं नाही. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून आलेल्यांना वाटतं, सगळ्याच दगडांचा बाजार आहे. तिथं दख्खनच्या काळ्या दगडातले झिओलाइट, म्हणजे त्याच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक आहेत, त्यांचा संग्राहकांचा व्यापार जगभर आहे. सोन्याचं तसं नाही. तेव्हा धाकट्या काकांना सांग, मोबाईलवरचे लाख मोबाईलवरच राहू देत. दगड विकून कुणी बंगला बांधणार नाही. पण फोडलात तर त्यात जे सोन्यापेक्षा जास्त आहे ते फुकट घालवाल, एवढं नक्की.

वजनाचं उद्या लिहितो, न फोडता काढता येतं. आणि काकूंना म्हणावं पितांबरी समईला वापरा.

मलप्रभा_वाळू

काका, मधेच विचारतो, राग मानू नका. आमच्या शेताखाली मलप्रभेच्या वाळूत पिवळं काहीतरी चमकतं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की पोरं भांड्यात वाळू फिरवत बसतात. वर तरंगून येतं ते सोनं असेल का? आजा म्हणायचा, पूर्वी जालगार लोक नदीतून सोनं काढत.

मार्कंडेयकाठ

वर तरंगून येतं, तिथंच उत्तर आलं की ओ. सोन्याची घनता १९.३, वाळूची २.६५. भांडं फिरवल्यावर सोनं सगळ्यांच्या खाली, काळ्या लोखंडी वाळूच्याही खाली, कोपऱ्यात दडी मारून बसतं. जे पाण्याबरोबर वर येऊन भिरभिरतं ते कुजून पिवळं पडलेलं अभ्रक. वाळल्यावर चिमटीत धरून चुरगाळा, पापुद्रे सुटतील.

आजा मात्र खोटं बोलत नव्हता. जालगार होते, पण त्यांचा मुलूख प्रामुख्यानं गदगकडचा, कप्पतगुड्डाच्या डोंगरातले ओढे. पावसाळ्यानंतर लाकडी परातींतून गाळ धुऊन कण काढायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते बघून लिहून ठेवलंय. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा भूशास्त्रज्ञ होता, त्यानं हा सगळा भाग पायाखाली घातला, आणि १८७६ मध्ये त्याचा ‘दक्षिण मराठा मुलखा’च्या भूशास्त्रावरचा मोठा अहवाल आला. आपलं बेळगाव त्याच मुलखातलं. पुढं गदगकडं विलायती कंपन्या आल्या, यंत्रं लावली, आणि काही वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या. सोनं होतं, पण खर्च निघेल इतकं नव्हतं.

आपल्या जिल्ह्याचं म्हणाल तर निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडं सगळा काळा कातळ, दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात विहीर खणताना पांढरे-गुलाबी स्फटिक मिळतील, सोन्याची वाट बघू नका. गोकाकचा धबधबा पडतो तो वालुकाश्म-क्वार्टझाइटावरून, ते त्याहून कितीतरी जुनं. आणि खाली खानापूर, बैलहोंगलच्या अंगाला धारवाडी शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचे जुने दगड उघडे पडतात, अडीचशे कोटी वर्षांपलीकडचे. हट्टी, कोलार, गदग सगळीकडचं सोनं असल्याच पट्ट्यांत, गारगोटीच्या शिरांमधून. जमिनीच्या पोटातलं गरम पाणी सोनं विरघळवून भेगांतून वर आलं, आणि दाब-तापमान उतरलं तसं गारगोटी आणि सोनं दोन्ही तिथं जमली. नंदगडच्या पोराच्या दगडाला जी हिरवट पट्टी आहे ना, ती त्या भेगेच्या भिंतीचा तुकडा. म्हणून ती पट्टी पण तोडू नका. शीर कुठल्या दगडात होती ते तीच सांगते.

शेतात शिस्ट आहेत म्हणून खणायला मात्र लागू नका. सोन्याचं उत्खनन १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय चालत नाही. पोरांना भांडं फिरवू दे, तेवढंच पोहणं होतंय.

आता वजन. पोरा, सोनाराचा काटा लागेल, शंभरावा भाग दाखवणारा. पहिल्यांदा दगड कोरडा वजन कर. मग काट्यावर पाण्यानं अर्धं भरलेलं स्टीलचं फुलपात्र ठेवून काटा शून्यावर आण. दगडाला दोरा बांध आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, बाजूला टेकणार नाही असा हातानं लोंबकळत धर. तार आणि पान वरच्या अंगाला राहील असा बांध, दोरा त्यावरून जाऊ देऊ नकोस. काट्यावर जो आकडा दिसेल तेवढे घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. भेगेत हवा अडकते, म्हणून आधी दगड थोडा वेळ पाण्यात ठेवून बुडबुडे जाऊ दे.

आणि जमलं तर हॉलमार्क करणाऱ्या केंद्रात एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं मशीन असतं, त्याखाली नुसतं ठेवून घटक कळतात. घासायचं नाही, कापायचं नाही. विनंती केली तर करून देतात.

नंदगडचा_पोरगा

काका, सगळं केलं. शहापुरात ओळखीच्या सोनाराकडं गेलो, त्यानं काटा दिला आणि स्वतःच जास्त रमला. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि हा दोरा धरून बसलेला. ‘हलवू नको, हलवू नको’ म्हणून मलाच ओरडायला.

कोरडं वजन २१४.६ ग्रॅम. पाण्यात लोंबकळत धरल्यावर ७४.२. भागाकार २.८९ आला.

भिंगातून बघितलं. सावलीत पण रंग तसाच, अगदी तसाच. पानाच्या कडा दातेरी आहेत, फाटलेल्या पत्र्यासारख्या, आणि पानावर बारीक बारीक खोबणी, त्यात पांढरा कण अजून अडकलेला एके ठिकाणी. तुम्ही ठसे म्हणालात ते हेच असणार. सुईनं खळगा पडला. फाउंड्रीत मी धातूचे तुटलेले तुकडे रोज बघतो, पण धातू असा दगडाच्या आत शिरून बसलेला पहिल्यांदा बघितला. आतल्या बाजूला आणखी एक पान आहे, पहिल्यापेक्षा लहान, ते साध्या डोळ्यांना दिसतच नव्हतं.

एक्सआरएफवाल्यांनी पिवळ्या पानावर सोनं ९१ टक्के आणि चांदी ९ टक्क्यांच्या आसपास दाखवली. पांढऱ्या ठिपक्यावर लोखंड आणि आर्सेनिक. तुमचा अंदाज बरोबर.

मोठ्या काकांना आकडे दाखवले तर म्हणाले, ‘बघ, सोनं आहेच म्हटलं होतं मी. काढा मग बाहेर.’ आता किती आहे ते सांगा म्हणजे बोलता येईल.

मार्कंडेयकाठ

वा. सोनाराला माझा नमस्कार सांग, असली माणसं कमी राहिलीत.

आता हिशेब बघ, काकांना पण समजावून सांगता येईल. सगळा दगड नुसती गारगोटी असता तर ७४.२ घन सेंटिमीटरचं वजन झालं असतं ७४.२ गुणिले २.६५, म्हणजे १९६.६ ग्रॅम. तुझा भरतोय २१४.६. म्हणजे १८ ग्रॅम जादा. हे जादा वजन सगळं सोन्यामुळं आहे असं धरलं तर, ९१ टक्के सोनं आणि बाकी चांदी अशा मिश्रणाची घनता साधारण १८ पडते. १८ वजा २.६५ म्हणजे १५.३५. जादा १८ ला त्यानं भाग, १.१७ घन सेंटिमीटर. त्याला परत १८ नं गुण. २१ ग्रॅम.

थांब, एवढ्यावर काकांना फोन करू नकोस. २१ ही कमाल मर्यादा झाली, याच्यावर जाऊच शकत नाही. कारण ती हिरवट पट्टी गारगोटीपेक्षा जड असते, २.९ च्या घरात. दगडाचा पाव भाग पट्टी असेल तर जादातले साडेचार ग्रॅम तिचेच. आर्सेनोपायराइटची घनता ६ च्या वर. त्याचे ठिपके सगळे मिळून एक घन सेंटिमीटर भरले, तर आणखी साडेतीन ग्रॅम गेले. उरले १० ग्रॅम जादा, आणि त्याचं सोनं निघतं साडेअकरा-बाराच्या आसपास. त्यातली चांदी वजा करा, धुण्यात-वितळवण्यात जाणारी घट वजा करा. म्हणजे तुमच्या हातात एक तोळ्याच्या आगेमागे. सराफाचे दोन-तीन तोळे त्यानं हाताच्या अंदाजानं सांगितले असतील, त्याला दोष नाही, दगड हातात जड लागतोच. पण तीन तोळे तर गणितातच बसत नाहीत.

म्हणजे भांडण तोळाभर सोन्यावरून आहे. चौघांत वाटलं तर प्रत्येकी पाव तोळा, मजुरी वजा जाता एक नाकातली चमकी आणि वर चहाचे पैसे.

माझा सल्ला असा. ज्याला दगड हवा त्यानं तो ठेवावा, म्हणजे तुझे वडील. बाकी तिघांना बारा ग्रॅम सोन्याच्या आजच्या भावाचा चौथा-चौथा हिस्सा रोख द्यावा. कमाल मर्यादेचा आग्रह कुणी धरला तर एकवीस धरा, तरी झेपेल. साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या की हा दगड अमक्याच्या वाट्याला गेला. पुढं वडिलांना कधी विकावासा, नाहीतर कुठल्या संग्रहालयाला द्यावासा वाटला तर परत भांडण नको.

एक अवघड गोष्ट पण सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. खाणीतून दगड बाहेर नेणं हा तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. हट्टीची कंपनी १९४७ साली निजामाच्या राज्यात सुरू झाली आणि ती पहिल्यापासून सरकारी वळणाची. तुझ्या आजोबांच्या चिठ्ठीत ‘साहेबांनी दिला’ आहे, म्हणजे वरिष्ठानं भेट म्हणून दिला, असं दिसतं. तीच चिठ्ठी तुमचा कागद. पावत्यांचा तो गठ्ठा पण टाकू नका. त्यात खाणीला लाकूड पुरवल्याच्या पावत्या असतील तर आजोबांचं तिथं जाणं सिद्ध होतं. विकायचा विचार आला तर त्याआधी वकिलाला दाखवा. चिठ्ठीचा फोटो काढा, देवनागरीत उतरवून त्याच्यासोबत ठेवा, पण मूळ मोडीची चिठ्ठी लॅमिनेट करू नका, उष्णतेनं जुनी शाई उडते कधी कधी.

साफसफाई. साधं पाणी, दाढीचा मऊ ब्रश, आणि तो पण पान-तार सोडून. गंजाचे तांबडे डाग असतील तर असू देत. ऑक्झॅलिक ॲसिडनं ते जातात, पण तुझ्या दगडात आर्सेनिक आहे, उगाच रसायनाच्या वाटेला जाऊ नये. हात लावल्यावर साबणानं धुवा, लहान पोरांच्या हातात देऊ नका. आणि देव्हाऱ्यात ठेवायचा असेल तर वडिलांना सांग, त्याच्यावर हळद-कुंकू, पंचामृत काही नको, बाहेरूनच नमस्कार करा. जवळपास पारा तर नकोच. फुटलेल्या थर्मामीटरचा थेंब लागला तरी सोनं पांढरं पडतं, पारा त्याच्यात शिरतो.

गलाई_विटेकर

काका, आर्सेनिकचं बरोबर बोललात. आमच्याकडं एकदा कुणीतरी खाणीचा म्हणून दगड आणला होता, भावानं मुशीत घातला, वास सुटला तसा भट्टी बंद करून सगळे बाहेर पळाले. तेव्हापासून दागिन्याची मोड सोडून दुसरं काही घेत नाही. वर लिहिलं ते सोन्याच्या हिशेबानं लिहिलं, दगडाच्या नाही.

एक तोळ्यासाठी मी तरी मूस पेटवणार नाही. कुटून धुण्यातच अर्ध्या ग्रॅमच्या वर जाईल. आणि पाण्यात लोंबकळत धरायची युक्ती आवडली. मोडीत आत लाख भरलेल्या पोकळ दागिन्यांना वापरून बघतो.

मार्कंडेयकाठ

लाखेच्या दागिन्याला चालेल, पण आत हवा असली तर फसाल. आणि आत पाणी शिरलं तर गिऱ्हाईक तुमच्या नावानं शिमगा करेल.

नंदगडचा_पोरगा

काका, काल सगळ्यांना बसवून हिशेब दाखवला. आत्या पहिल्यांदा बोलली, ‘एवढ्यासाठी बाबांची वस्तू फोडणार होता व्हय रे?’ मोठे काका एकवीस ग्रॅमवर अडून बसले होते, वडिलांनी ऐकलं, द्या म्हणाले. कागद झालाय, सह्या झाल्यात. धाकटे काका अजून नाराज आहेत, त्यांना परदेशी लिलाव बघायचाय म्हणे.

पावत्यांचा गठ्ठा उघडला. त्यात लाकूड पोहोचवल्याच्या, लिंगसुगूरच्या नावाच्या दोन-तीन आहेत, कानडीत. त्या कुठं ठेवायच्या, चिठ्ठीसोबत की वेगळ्या?

मार्कंडेयकाठ

हट्टी लिंगसुगूर तालुक्यातच येतं, म्हणजे जमलं. चिठ्ठीसोबत ठेवा, पण दगडापासून वेगळ्या. दगडाला लागून कागद नको, दगडाच्या आर्सेनिक-गंधकाचा कागदाला त्रास होतो, हवा दमट असली की जास्त. आणि खानापूरच्या पावसाळ्याबद्दल मी तुला काय सांगू. दगड झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, खाली कापूस नको, त्याचे धागे तारेत अडकतात. फोमचा तुकडा खळगा करून बसव, तार वरच्या अंगाला. आत बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिकाच्या पुड्या दोन. कागद दुसऱ्या पाकिटात, आणि दोन्हींवर एकच नंबर घाल. माझ्या सवयीनं सांगतो, नंबर दगडाच्या हिरव्या पट्टीवर घाल, गारगोटीवर नको. पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर बारीक काळ्या पेननं.

पितळी डबा काकूंना देऊन टाका, घासायला.